फोटोशेजारचा मजकूर

निवृत्त अधीक्षकांचं आत्मचरित्र उद्या छपाईला जायचं होतं आणि पानं लावणारी मुलगी एकोणतिसाव्या पानावर अडून बसली होती. पत्नीच्या फोटोशेजारी मजकूर होता जेमतेम एक ओळ : ‘याच सुमारास माझा विवाह झाला.’ त्याखाली लगेच साहेबांची बढती.

"काका, काकूंच्या फोटोभोवती सगळी तुमची बढतीच येतेय," ती म्हणाली. "काकूंबद्दल आणखी दहा ओळी द्या, म्हणजे फोटो नीट बसेल."

"हात्तिच्या! दहाच ना?" काकांनी ऐटीत पेन उघडलं.

चहा आला, गार झाला, तरी कागद कोराच. मुलगी गालातल्या गालात हसत स्क्रीनकडे बघत राहिली. शेवटी काकांनी घाम पुसत घरी फोन लावला आणि गडबडीत स्पीकरही चालू केला.

"अगं, पुस्तकात तुझ्या फोटोशेजारी एकच ओळ आहे, मजकूर कमी पडतोय. तुझ्याबद्दल दहा ओळी पटकन सांगतेस का?"

पलीकडून काकूंचा आवाज आला,



"कशाला जिवाला त्रास करून घेता? तुमच्या त्या एका ओळीला पुरेल एवढा करायला सांगा माझा फोटो!"