महालिंगप्पांची साईडकार

महालिंगप्पांना साईडकारमध्ये मांडी घालून बसवलं, पाठीला फळी लावून उपरण्यानं आवळलं, आणि मालकीणबाई शांताक्का म्हणाल्या, "पंचाक्षरी, निघ आता. ऊन चढायच्या आत निजामाची हद्द ओलांडू."

पंचाक्षरीला मालकांच्या तोंडाकडं बघवेना. कपाळभर विभूती, गळ्यात कण्हेरीच्या माळा, डोळे मिटलेले. लिंगायताला बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. पण मोटारसायकलीवरून कुणाला नेलेलं अख्ख्या वाशी गावात कुणी पाहिलं नसेल.

पहाटे शांताक्कांनी दार किलकिलं करून "मालक गेले" एवढंच सांगितलं होतं. जंगमांना बोलावून, दार लावून घेऊन त्यांनी सगळं उरकलं. हद्दीपलीकडं बार्शीकडच्या शेतात महालिंगप्पांच्या वडिलांची समाधी होती, तिच्या शेजारीच त्यांना बसवायचं होतं. बैलगाडीनं दिवस मावळला असता, आणि वैशाखाच्या उन्हात तेवढा वेळ कुठला!

भाऊबंद दाराशी फिरकले नाहीत. हद्दीपलीकडच्या कॅम्पातून निजामाविरुद्ध लढणाऱ्या लोकांना धान्य पोचवतात म्हणून मालकांवर निजाम सरकारचं वॉरंट होतं. मेलेल्या माणसाच्या वॉरंटालाही लोक भीत होते.

पंचाक्षरीला धास्ती होती ती गाडीची. मालकांकडं दोन मोटारसायकली. साधी दुचाकी तो डोळे झाकून चालवायचा. ही डाव्या अंगाला साईडकार जोडलेली, लष्कराच्या लिलावातून आणलेली, फक्त मालकच चालवत. ते म्हणायचे, "दुचाकी अंगानं वळती, ही हातानं वळवावी लागती. गॅस दिला की डावीकडं वढती, सोडला की उजवीकडं. गाडी बदलली की आधीच्या गाडीची सवय उतरवून ठेवायची, देवळाभाईर चपला ठेवतोस तशी." त्यांनी त्याला खळ्यात फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पण खळ्यात कुठला आलाय घाट?

मालकांचा देह नीट पोचवायचा. गाडी उलटली आणि त्यांची मिट्टी रस्त्यावर सांडली, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्याला वाटत होतं.

मागं शांताक्का बसल्या. एका हातात पाण्याची चरवी. मिट्टीला ऊन लागू नये म्हणून त्या वाकून वाकून मालकांच्या हातावरचा पंचा ओला करत होत्या. त्यांच्या हातातला चुडा किणकिणला. माती दिल्यावर फोडतील, असं पंचाक्षरीला वाटलं.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आडवा बांबू होता. जमादार पुढं आला.

"कौन है?"

पंचाक्षरीनं तोंड उघडलं आणि त्याला हुंदकाच आला. वाटभर दाबून ठेवलेला, लहान लेकरासारखा. "आमचे मालक... महालिंगप्पा..." एवढं कसंबसं बोलला आणि हँडलवर कपाळ टेकून ढसाढसा रडायला लागला.

"महालिंगप्पा? वाशीवाला? इसका तो वॉरंट है हमारे कने!" जमादारानं वाकून मालकांचा हात धरला. गारठलेला. त्यानं शांताक्कांकडं पाहिलं, मग पंचाक्षरीच्या त्या भिजून निघालेल्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिला.

"कब गुजरे?"

"पहाटं," शांताक्का म्हणाल्या.

जमादार सरळ उभा राहिला. "मय्यत को कायका वॉरंट? जाने देओ." आणि बांबू त्यानं स्वतःच्या हातानं उचलला.

पंचाक्षरी भारावून गेला. ज्या सरकारला मालक जन्मभर नमले नाहीत, त्याचा शिपाई त्यांच्यापुढं बाजूला झाला होता! त्याच भरात घाटाचा उतार लागला आणि गाडीनं वेग घेतला.

डावं वळण आलं. पंचाक्षरी सवयीनं कलला. पण ही गाडी काही कलायची नाही. साईडकारचं चाक जमिनीवरून उठलं. त्यानं घाबरून गॅस सोडला, तशी गाडी उजवीकडं ओढली गेली. उजवीकडं दरी. शांताक्का किंचाळल्या. चाक वर, अजून वर...

आणि बांधलेले महालिंगप्पा फळीसकट डावीकडं झुकले. पार कडेबाहेर. चाक दाणकन खाली आलं. गाडी रस्त्याच्या काठाला घासत जाऊन थांबली.

किती तरी वेळ फक्त धूळ होती. पंचाक्षरी उतरला. अंगावर सरसरून काटा आला होता. त्यानं साईडकारच्या काठावर डोकं टेकवलं.

"अप्पा, गेल्यावरबी तुमीच सांभाळलंत मला. केवढं हे पुण्य तुमचं! म्या तुमची मिट्टी सांडली असती, अप्पा, आन् तुमी..."

एवढ्या थोर माणसाचं मीठ आपण खाल्लं, या विचारानं त्याचे डोळे पुन्हा भरून आले. शांताक्का मात्र मागं वळून, कपाळाला हात लावून रस्ता न्याहाळत होत्या.

"नाका दिसंना झाला का गं?"

"न्हाय दिसत आता."

"मग ही फळी सोड," महालिंगप्पा म्हणाले, "आन् पंचाक्षरी, तू हितं टोपलीत बस. गाडी म्या चालवतो."