मागचा पत्रा

कापसाचे भाव पडले तशा गावातल्या बायका वेचणीच्या मजुरीला लांबलांब जाऊ लागल्या. त्यांना पिकअपमधून नेणाऱ्या कय्युमचा कायदा मात्र कडक होता. मागं कोणी उभं राहायचं नाही आणि फाळका लागल्याशिवाय गाडी हलायची नाही.

"बसल्या का समद्या?" तो ओरडून विचारी. पंचफुलामावशी केबिनमागचा पत्रा दोनदा वाजवी, तेव्हाच गाडी निघे. एकदाच वाजला तर थांबायचं. बाकीचे ड्रायव्हर हसत. हसोत बापडे!

त्या सकाळी घाटंजीच्या वळणाआधी पत्रा एकदाच वाजला. कय्युमनं करकचून ब्रेक मारला. त्याच क्षणी वळणावरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक उलट्या बाजूनं सुसाट आला आणि पिकअपच्या तोंडाला वारा घालत निघून गेला.

सतराही बायका एकमेकींवर कलंडल्या, पण खाली एकही पडली नाही. आधी त्या रडल्या, मग टाळ्या पिटत हसल्या. वावराशी उतरल्यावर कय्युमला उचलून घ्यायचंच काय ते त्यांनी बाकी ठेवलं.

"मावशी, तुम्ही पत्रा वाजवला म्हणून वाचलो."

"म्या कुठं वाजवला, भाऊ? माह्या दोन्ही हातात त डबे होते."

बाकीच्याही नाही म्हणून माना हलवत वावरात शिरल्या.

"आता हसा म्हणावं, लेकहो!" कय्युमनं छाती फुगवून फाळका लावला. मागं चिटपाखरू नव्हतं. स्टिअरिंगवर बसताच तो सवयीनं ओरडला, "बसल्या का समद्या?"

आणि स्वतःच्या वेडेपणावर हसू लागला.

केबिनमागचा पत्रा दोनदा वाजला.