मावशीचा पत्ता

ऋतुजाच्या गाडीत पाचच माणसं बसतात, हे बाकीच्या चौघी मैत्रिणींना महिनाभर ठाऊक होतं. सहावीला, म्हणजे सिद्धेश्वरीला, ते सोलापुरातून निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं गेलं. तोवर मे महिन्यातल्या हैदराबादच्या सहलीचा सगळा बेत तिच्याच जिवावर स्वस्तात बसवून झाला होता. चार दिवसांचा मुक्काम तिच्या मावशीकडं फुकटात, आणि वाटेत खायला तिच्या हातच्या कडक भाकऱ्या न् शेंगाचटणी.

"तसंबी तुला गाडी लागते की गं," ऋतुजा फोनवर म्हणाली. "सहा तास ओकत बसशील आणि आमच्या सहलीचा विचका करशील. भाकऱ्या तेवढ्या सकाळी दे, आणि मावशीला कळवून टाक."

सिद्धेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज गोड ठेवून ती म्हणाली, "कळवते की. तुमी बिनघोर जावा."

सकाळी तिनं भाकऱ्यांचा डबा दिला, पत्ताही बिनचूक लिहून दिला. दुपारी टळटळीत उन्हात ऋतुजाचा फोन आला.

"सिद्धे, हितं दाराला हे भलंमोठं कुलूप हाय! तुझी मावशी कुटं गेली?"

सिद्धेश्वरीनं समोरच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि फोन तिकडं सरकवला.



"कुटं म्हंजे? सोलापुरात की," मावशी घास गिळत म्हणाली. "सिद्धूला तुमच्या गाडीत जागा न्हवती न्हवं, म्हणून आमीच समदे आलो हिच्याकडं ऱ्हायला."