कापूस आणि राळ

घिवलीच्या चिंतूकाकांच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स थेंबथेंब गळत होता. मी बोईसरहून नवं ऑइल सील घेऊन पोचलो, तर गळती थांबलेली. होडीच्या फटी बुजवतात तसा राळेत भिजवलेला कापूस काकांनी सांध्यात ठोकून बसवला होता.

"काका, होडीत पाणी आत येतं. इथं ऑइल बाहेर जातं," मी वैतागून म्हणालो.

"भोक ते भोकच, दिपेश. उद्या सपनाचं लगीन हाय, पोरगी याच गाडीतून सासरी जायची. तू फक्त तपास."

मी गाडीखाली आडवा झालो आणि गिअरबॉक्सचा खालचा नट काढला. ऑइल आलंच नाही. पाणी आलं. तोंडावर पडलं, ते खारट होतं. पाठोपाठ एक कोळंबी माझ्या छातीवर पडून तडफडू लागली.

काकांच्या बायकोने, बायडीकाकींनी, गाडीखाली हात घालून ती उचलली आणि सुपात टाकली.

"काकी, हे पाणी कुठनं आलं?"

"भरती लागली ना."

समुद्र तर पार गावाच्या पलीकडे. मी घाईघाईने नट परत बसवून आवळला. तोवर काकींनी जाड दोर आणून बंपरला बांधला आणि दुसरं टोक माडाला.

"हे कशाला?"

"मागच्या भरतीला शेजारच्या हिराच्या दारात गेलती गाडी."

"मग हँडब्रेक लावायचा ना."

"लावलेलाच हाय."

मी मान वळवून पाहिलं. चारही चाकं जमिनीपासून बोटभर वर होती, आणि दोर हळूहळू ताणला जात होता.