भिरकावलेलं ताट
येरझारा घालणाऱ्या हेमांगीनं नणंदेसमोर भिंतीला फर्मावलं, “पाडव्याचं जेवण दाखव.” घरात घडणारं सगळं भिंती टिपून साठवू लागल्यापासून भांडणात पुराव्याची वानवा नव्हती.

भिंतीवर तिचा नवरा निनाद ताट भिरकावून तरातरा निघून गेला.

“बघितलंत ना, वन्सं? असल्या माणसाबरोबर कशी राहू?”

इथं ती दर वेळी भिंतीला “बस” म्हणायची. आज बोलण्याच्या भरात ते राहून गेलं. भिंतीवरचा निनाद फडकं घेऊन परत आला आणि सांडलेलं श्रीखंड पुसू लागला. “चुकलं माझं, हेमा.”

“बस,” हेमांगी घाईघाईनं म्हणाली.

दर वेळी तेवढंच बघत आलेल्या, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या निनादनं हळूच वर पाहिलं.

“मी परत आलो होतो?”