चारशे वर्षं शांत

भूकंपाची तारीख आणि वेळ आता बातम्यांत पावसाच्या अंदाजासारखी सांगत. त्या सकाळी कातळवण्याचा अंदाज आला: पुढची चारशे वर्षं मोठा धक्का नाही. निवृत्त अभियंता सुमेधा पाटणकर तडक डोंगरापलीकडच्या पुनर्वसन वसाहतीत गेल्या. वीस वर्षांपूर्वी कातळवण्याशेजारची अणुभट्टी मोठ्या भूकंपात टिकणार नाही, असा अहवाल त्यांनीच दिला होता आणि त्यावरून ते कोळ्यांचं गाव उठवून या वसाहतीत आणलं होतं.

म्हातारे हसुराम तांडेल ओट्यावर बसले होते. सुमेधाताईंनी त्यांना सगळं सांगितलं.

“म्हंजे तवा तुमी खोटं बोललाव, बाय?”

“नाही, तांडेलकाका. तेव्हा जेवढं कळत होतं, तेवढंच सांगितलं.”

त्यांनी डोंगराकडे पाहिलं. “दर्याचा आवाज येत नाय म्हनून माज्या बायकोला इथं झोपच लागायची नाय. तशीच गेली ती.” मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “मंग आता माघारी जायाला हरकत नाय ना?”

सुमेधाताईंची मान खाली गेली. कातळवण्याच्या जागेवर आता नवी अणुभट्टी उभी होती. ती कुठल्याही भूकंपात टिकेल, या दाखल्यावरही सही त्यांचीच होती.