पहिला तुकडा

"डॉक्टर इंग्रजीत काय म्हणाले हो?" दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोने विचारलं. महिन्याभरात तिची नजर पार गेली होती.

इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेल्या तळवलीकर सरांनी तिच्या तळहातावर बोटाने चार ठोके दिले. "रि, व्हर्, सि, बल. जोर 'व्हर्'वर. अर्थ, पुन्हा वळण्याजोगं."

"म्हणजे नजर परत येईल?"

"येईल."

तिने चार बोटं मिटली. अंगठा तसाच उघडा राहिला.

"तुमच्या शिकवण्या तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकल्यात. डॉक्टरांच्या शब्दाचे तुकडे पाच होते. सुरुवातीचा 'इर्' तुम्ही गाळलात. तो नकाराचा ना?"

याच चुकीसाठी सरांनी पोरांचे मार्क कापले होते.

"चला," तिने चाचपडत त्यांचा दंड धरला, "आता पायऱ्या तरी नीट मोजा."